काटकोन सर आणि दहा आठवड्यांची सुट्टी

"माझी मुलं विसरत नाहीत!"

गणिताच्या सरांनी टेबलावर मूठ आपटली तशी शेजारी बसलेल्या खेळाच्या सरांच्या कपातला निम्मा चहा बशीत आला. खेळाच्या सरांना अख्खी शाळा शिट्टी सर म्हणायची. त्यांनी बशी तोंडाला लावली. त्यांना सवय होती.

"सर, मी तुमच्या मुलांना काहीच म्हणाले नाही," मुख्याध्यापिका बाई शांतपणे म्हणाल्या. "मी एवढंच म्हणाले की दहा आठवड्यांच्या सुट्टीनंतर पहिला महिना आपण मागचंच उगाळत बसतो."

"कोण उगाळतं? मी गणित शिकवतो, बाई. चंदनाचं दुकान नाही माझं."

गणिताच्या सरांना मुलं काटकोन सर म्हणत. एकतीस वर्षं ते फळ्यापुढे नव्वद अंशात उभे होते. त्यांना कुणी भिंतीला टेकलेलं पाहिलं नव्हतं. स्वभावही तसाच. एकदा एखादी गोष्ट चुकीची वाटली की ते वाकत नसत, आणि दिवसाकाठी दोन-तीन गोष्टी तरी त्यांना चुकीच्या वाटतच.

त्या दिवशीची चुकीची गोष्ट म्हणजे बाईंची नवी योजना. वर्षाच्या शेवटी मिळणारी दहा आठवड्यांची लांबलचक सुट्टी बंद. त्याऐवजी शाळा वर्षभर चालणार: दहा आठवडे शाळा, तीन आठवडे सुट्टी, पुन्हा दहा आठवडे शाळा, पुन्हा तीन आठवडे सुट्टी. असं चार वेळा.

"सुट्टीचा एक दिवसही कमी होत नाही," बाई म्हणाल्या. "आत्ता लांब सुट्टीचे दहा आणि मधले दोन, असे बारा आठवडे मिळतात. पुढेही तीन चोक बाराच. फक्त ते वाटून मिळतील. मुलं विसरणार नाहीत आणि आपणही वर्षअखेरीला चिपाडासारखे होणार नाही."

"चिपाड? मी चिपाड दिसतो?"

वर्षाचा शेवटचा आठवडा होता. सरांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं, आवाज बसला होता, आणि सकाळी त्यांनी हजेरी घेताना सातवीच्या नावांच्या जागी स्वतःच्या घरचा पत्ता वाचला होता.

पण सर चिडले की त्यांना बळ चढे. दुपारपर्यंत त्यांनी दोन पानी निषेधपत्र लिहिलं आणि तेवीस शिक्षकांपैकी एकोणीस जणांच्या सह्या घेतल्या. संध्याकाळी ते बाईंपुढे उभे राहिले.

"पैज लावा. उद्या सातवीची चाळीस गुणांची परीक्षा घेतो. सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी, न सांगता, तेवढ्याच अवघड प्रश्नांची दुसरी परीक्षा. वर्गाची सरासरी घसरली तर मी सही मागे घेतो. नाही घसरली तर तुम्ही योजना मागे घ्यायची."

"मान्य," बाई म्हणाल्या. "पालक समितीच्या अध्यक्षांनाही बोलावू. साक्षीदार असलेला बरा."

पहिली परीक्षा झाली. सरासरी आली सत्तावीस. दुसरी प्रश्नपत्रिका सरांनी स्वतः काढली, बत्तीस प्रती केल्या आणि शिक्षकांच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवून आकड्यांचं कुलूप लावलं.

"नंबर कुठेतरी लिहून ठेवा, सर," शिपायाने सुचवलं.

"लिहून ठेवायचं ते विसरणाऱ्यांनी," सर म्हणाले.

सरांची बायको इस्पितळात परिचारिका होती. तिला सुट्टीबिट्टी काही नसे. योजनेची हकीकत ऐकून ती म्हणाली, "तीन-तीन आठवडे? वा! मग माझं घर वाचेल."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. जेवा."

म्हणजे काय ते सुट्टीत कळलंच. पहिला आठवडा सर झोपले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी न बिघडलेला नळ दुरुस्त केला. चौथ्या आठवड्यात ते स्वयंपाकघरात शिरले आणि डबे आकारमानाच्या चढत्या क्रमाने लावून टाकले. कामावरून दमून आलेल्या बायकोला साखर सापडेना.

"साखर कुठंय?"

"कितीचा डबा?"

"अहो, साखरेचा डबा!"

"असं नाही चालत. दीड लिटरचा असेल तर खालून तिसरा."

सातव्या आठवड्यानंतर मात्र त्यांनी काही हलवलं नाही. ते खिडकीशी बसून राहायचे. साडेदहा झाले की उठायचे, खडू शोधल्यासारखा खिसा चाचपायचे आणि परत बसायचे.

अखेर शाळा उघडली. सर सकाळी सातलाच हजर! बाई आल्या. पालक समितीचे अध्यक्षही आले. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि ते बोलताना समोरच्याच्या नंबरचा अंदाज घेत असल्यासारखे रोखून बघत. सातवी आता आठवी झाली होती. बत्तीसही मुलं खोलीबाहेर रांगेत उभी राहिली. सर ऐटीत कपाटापाशी गेले, कुलूप हातात घेतलं, आणि तसेच उभे राहिले.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. गंज चढलाय."

"आकड्यांना?" चष्मेवाले अध्यक्ष म्हणाले.

सरांनी जन्मसाल लावून पाहिलं, पण कुलूप तीन आकडी होतं. घर क्रमांक लावला. लग्नाची तारीख लावायला गेले तर तीसुद्धा नक्की आठवेना, आणि ते मात्र त्यांनी मनातच ठेवलं.

"कुणीतरी नंबर बदललाय," ते गरजले. "हा कट आहे!"

"सर," रांगेतून एक आवाज आला.

ती शंका होती. खरं नाव हजेरीत असेल. पण दर तासाला हात वर करून 'सर, एक शंका' म्हणते म्हणून सरांनीच तिला ते नाव ठेवलं होतं.

"तीन आकडे म्हणजे एक हजार शक्यता. प्रत्येकीला पाच सेकंद धरले तर एक तास तेवीस मिनिटं वीस सेकंद लागतील. मी लावत बसू?"

सरांनी कौतुकाने बाईंकडे पाहिलं. "बघा! विसरलीय का? तोंडी केलं!"

"मुलगी नाही विसरली," बाई म्हणाल्या. 'मुलगी' या शब्दावर त्यांनी जरा जास्तच जोर दिला, असं सरांना वाटलं.

"सर, नंबरबद्दल काहीच आठवत नाही?" शंकाने विचारलं. "सम होता की विषम?"

सरांनी डोळे मिटले. "आकडा नाही आठवत. पण त्याचा स्वभाव आठवतोय. मानी होता. उलटा केला तरी मान सोडत नव्हता."

अध्यक्षांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी छताकडे पाहिलं.

"उलटा केला तरी वर्गच राहणारा?" शंका टुणकन उडी मारून म्हणाली. "तेराचा वर्ग एकशे एकोणसत्तर. तो उलटा केला की नऊशे एकसष्ट, म्हणजे एकतीसचा वर्ग. सर, सुट्टीच्या आधी शेवटच्या तासाला तुम्हीच शिकवलंत! तुम्ही इतके खूश झाला होतात की फळा पुसूच दिला नाहीत."

रांगेतली पाच-सहा मुलं एका सुरात "हो, हो" म्हणाली. सरांना मात्र तो तास काही केल्या आठवेना. त्यांनी आधी एक, सहा, नऊ लावून पाहिले, मग नऊ, सहा, एक लावले. खट् आवाज झाला आणि कुलूप उघडलं.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी दार उघडलं. आत एक रिकामा कप्पा होता, आणि कप्प्यात त्यांच्याच वळणदार अक्षरातली चिठ्ठी: 'प्रश्नपत्रिका येथे सुरक्षित नाहीत. घरी नेल्या आहेत.' खाली सही आणि तारीख.

बाई हसल्या नाहीत, हे सरांना फार लागलं. हसल्या असत्या तर चिडता तरी आलं असतं.

त्यांनी घरी फोन लावला. बायकोची पाळी दुपारची होती, म्हणून ती घरीच होती.

"अगं, तपकिरी कागदात बांधलेला एक गठ्ठा असेल. वर लिहिलंय 'उघडू नये'."

"तो ना? तो तुम्हीच उघडलात."

"मी?"

"चौथ्या आठवड्यात. मी विचारलं, कागद कसले? तुम्ही म्हणालात, पाठकोरे आहेत, वाया कशाला घालवायचे. आणि सगळ्या फळ्यांवर डब्यांखाली अंथरलेत."

सरांनी बाईंकडे पाठ केली आणि फोनमध्ये पुटपुटले, "घेऊन ये."

"आणते," ती म्हणाली. "पण डबे मी माझ्या पद्धतीने परत लावणार, सांगून ठेवते."

अर्ध्या तासाने ती गणवेशातच शाळेत आली. हातात बत्तीस कागद, आणि प्रत्येकावर डब्याच्या बुडाचा तेलकट गोल. सरांनी मान खाली घालून ते वाटले. मुलं लिहू लागली. मग एक हात वर आला.

"सर, एक शंका. तिसऱ्या प्रश्नात दोन वर्तुळं आहेत. दुसऱ्याची त्रिज्या दिलेली नाही."

"ते वर्तुळ नाही! तो गोडेतेलाचा डबा आहे!"

मुलं पेपर सोडवत असताना बाईंच्या खोलीत चहा आला. अध्यक्षांनी सहज विचारलं, "वहिनी, सुट्टीत सर काय करतात हो?"

"आराम करतात," सर घाईने म्हणाले.

"पहिला आठवडा," बायको म्हणाली. "त्याआधी दोन महिने झोपेत हजेरी घेतात. इतके दमतात की जेवताना घास हातात ठेवून झोप लागते. सुट्टी लागली की आठवडाभर झोपतात, मग महिनाभर घराला शिकवतात. आणि शेवटी शेवटी..." तिने सरांकडे पाहिलं. "शेवटी शेवटी बोलतच नाहीत. शिकवायला समोर कुणी नसलं की हा माणूस पाणी न घातलेल्या कुंडीसारखा होतो. मी दिवसभर आजारी माणसं बघते, बाई. घरी येऊन आणखी एक बघावा लागतो."

सरांना प्रचंड राग आला. पण नेमका कुणाचा ते ठरवता येईना, म्हणून ते उठून वर्गात गेले.

पेपर गोळा झाले. सरांनी तिथेच बसून तपासले, बेरीज केली, बत्तीसने भागलं. सत्तावीस. दशांश चिन्हापर्यंत तेवढीच! जिंकले होते ते. त्यांनी शंकाला बोलावलं.

"चाळीसपैकी चाळीस! सगळं लक्षात कसं राहिलं?"

"वेळ होता, सर. आई-बाबा कामाला जातात. धाकट्या भावाजवळ कुणीतरी लागतं. पहिले दोन आठवडे मजा आली. मग तुमची वही सोडवली. तीनदा."

"तीनदा? कशासाठी?"

"दुसरं काही उरलंच नव्हतं," ती म्हणाली. "त्याच दिवसांत आई-बाबांच्या कामाची गर्दी असते, त्यांना रजा मिळत नाही, आणि मैत्रिणींच्या घरी एकटं जायचं नाही."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. उदाहरणातली दिलेली माहिती सांगावी तसं तिने सांगितलं. सर परत गुणांकडे वळले. आता त्यांनी सरासरी बाजूला ठेवली आणि एकेक नाव पाहिलं. ज्यांना घरी कुणी बसवून शिकवलं होतं, किंवा जे शंकासारखे घरात अडकून पडले होते, त्यांचे गुण वाढले होते. पण मागच्या बाकांवरची सात मुलं होती. वर्षभर सरांनी त्यांना ओढून ओढून विसापर्यंत आणलं होतं. त्यांना आठ मिळाले होते. एकाला पाच. वरच्यांनी जेवढं कमावलं तेवढंच खालच्यांनी गमावलं, आणि सरासरी आपली मध्ये बसून साळसूदपणे सत्तावीस सांगत होती.

सर पाच गुणांच्या पेपराकडे बघत बसले. पोराने पहिलं उदाहरण सुरू केलं होतं, खोडलं होतं, परत सुरू केलं होतं. कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'सर, हे मला येत होतं.'

ते कागद घेऊन तडक बाईंकडे गेले.

बाईंनी आकडा पाहिला. "सत्तावीस. तुम्ही जिंकलात, सर. ठरल्याप्रमाणे योजना मागे घेते." आणि त्यांनी योजनेच्या फायलीवर खरंच आडवी रेघ मारली.

"मागे घेता?" सर ओरडले. "अशा कशा मागे घेता?"

"पैज तुम्हीच लावली होती."

"मी काहीही लावीन! तुम्ही मुख्याध्यापिका आहात की नाही? सरासरीवर विश्वास ठेवता? सरासरी खोली बघून नदीत उतरणाऱ्याचं काय होतं? बुडतो! ही सात पोरं बुडालीत, आणि तुम्ही खुशाल रेघ मारता? मी निषेध करतो!"

"कशाचा?"

"तुम्ही माझं ऐकलंत याचा!"

शिपाई दारात येऊन उभा राहिला. अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावून सरांकडे पाहिलं.

"सर," बाई म्हणाल्या, "आता माझ्या हातात काही नाही. एकोणीस शिक्षकांच्या सह्यांचं पत्र वर संस्थेकडे गेलंय, आता ती शिक्षकांचं मतदान घेणार आहे. ते तुम्हीच लिहिलंय. फार जोरदार लिहिलंय. तुम्हीच त्यांची समजूत काढा."

पुढचे आठ दिवस सरांच्या आयुष्यातले सगळ्यात संतापाचे दिवस होते. ज्याच्याकडे जावं तो त्यांच्याच पत्राची प्रत काढून दाखवी. चित्रकलेच्या बाईंनी 'दीर्घ विश्रांतीवाचून विचार परिपक्व होत नाही' हे वाक्य वाचून दाखवलं. "केवढं सुंदर लिहिलंत हो, सर!"

"चूक लिहिलंय!"

"पण पटलं ना आम्हाला."

शिट्टी सर सगळ्यात चिवट निघाले. शेवटी काटकोन सरांनी तो पाच गुणांचा पेपर त्यांच्यासमोर ठेवला. शिट्टी सरांनी कोपऱ्यातलं वाक्य वाचलं आणि नाक शिंकरलं. "माझंही तसंच होतं," ते म्हणाले. "दहा आठवड्यांनी पोरं मैदानाला दोन फेऱ्या मारतात आणि धापा टाकत झाडाखाली बसतात. मी कधी कुणाला बोललो नाही, एवढंच."

मतदान झालं. बारा विरुद्ध अकराने योजना मंजूर झाली. सरांना ते बहुमत अपमानास्पद वाटलं, आणि तसं त्यांनी बोलूनही दाखवलं.

दहा आठवडे सरले आणि पहिली छोटी सुट्टी आली. भर कामाचे दिवस होते, कुणाच्याच सहलीचा मोसम नव्हता. बायकोने इस्पितळात अर्ज टाकला आणि तिला चक्क आठ दिवसांची रजा मिळाली. दोघं तळ्याकाठच्या एका लहानशा विश्रामगृहात जाऊन राहिली. सगळं रिकामं होतं, आणि भाडंही निम्मं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोघं व्हरांड्यात चहा घेत बसली होती. सर ताजेतवाने दिसत होते.

"इतकं बरं वाटतं तर आपण आधी का नाही आलो?" ते म्हणाले.

"तुमच्या लांब सुट्टीत मला रजा कधी मिळाली? त्या दिवसांत लहान मुलं असलेल्या सगळ्या जणी रजेवर जातात. मग उरलेल्यांनी दुप्पट काम करायचं. मी कायमची उरलेली."

"किती वर्षं?"

"सव्वीस."

सरांनी कप खाली ठेवला. "सव्वीस वर्षं? आणि तू मला एकदाही सांगितलं नाहीस?"

"दर वर्षी सांगत होते. तुम्ही 'हं' म्हणायचात."

सर नव्वद अंशात उभे राहिले. त्यांचा चेहरा लाल झाला. खिशातून पेन निघालं, टेबलावरचा जेवणाच्या यादीचा कागद उलटा झाला, आणि त्यावर झरझर अक्षरं उमटू लागली.

"अहो, काय करताय?"

"तुमच्या मेट्रनबाईंना पत्र लिहितोय. रजासुद्धा वर्षभर वाटून द्यायला हवी, पाळीपाळीने. सव्वीस वर्षं एकाच माणसाला उरलेली ठेवायचं म्हणजे काय? हा अन्याय आहे! मी या गोष्टीचा तीव्र निषेध..."

तिने त्यांच्या हातातून कागद ओढून घेतला. फाडेल असं त्यांना वाटलं. पण तिने तो मांडीवर ठेवला, सावकाश वाचला आणि बोट टेकवलं.

"इथं 'तीव्र' नको," ती म्हणाली. "'अतितीव्र' लिहा."